अणुस्फोटानंतरचे पहिले २४ तास: कुठे बसायचं, किती वेळ आणि का

अणुबॉम्ब पडल्यावर करण्यासारखं काही उरतच नाही, असं म्हणून हा विषय बहुतेक जण बाजूला सारतात. स्फोटाच्या अगदी जवळ असलेल्यांच्या बाबतीत ते बहुतांशी खरंही आहे. पण १० किलोटनांचा, म्हणजे १० हजार टन टीएनटी स्फोटकाच्या ताकदीचा, बॉम्ब जमिनीवर फुटला असं धरा. इमारती भुईसपाट होण्याचा पट्टा साधारण ८०० मीटरांचा, मोठ्या पडझडीचा १.६ किलोमीटरपर्यंतचा आणि काचा फुटण्याचा सुमारे ५ किलोमीटरपर्यंतचा असतो. वाऱ्याच्या दिशेने मात्र जीवघेणी किरणोत्सारी धूळ १५ ते ३० किलोमीटरपर्यंत पडू शकते. म्हणजे स्फोटातून सुखरूप वाचलेला माणूस पुढच्या तासाभरात चुकीच्या जागी असल्यामुळे मरू शकतो. पुढची माहिती त्याच्यासाठी आहे. बॉम्ब मोठा असेल तर अंतरं वाढतील, पण करायच्या गोष्टी त्याच राहतील.

आडोशाचं मोल किती, याचा टोकाचा दाखला हिरोशिमातच आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी एइझो नोमुरा काही कागद आणायला काँक्रीटच्या इमारतीच्या तळघरात उतरले होते. स्फोटबिंदूच्या खालच्या जागेपासून ते १७० मीटरांवर होते. ते १९८२ पर्यंत जगले.

झगमगाट दिसला की

पहिला नियम: खिडकीकडे जाऊ नका. प्रकाश तत्काळ दिसतो, धक्क्याची लाट मागून येते. दीड किलोमीटरवर ती चारपाच सेकंदांत पोचते, ५ किलोमीटरवर १२ ते १५ सेकंद लागतात. 'काय झालं' म्हणून माणसं नेमकी याच सेकंदांत काचेला नाक लावतात.

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या शाळांमध्ये मुलांना बाकाखाली लपायला शिकवायचे. कासवाचं कार्टून दाखवून दिलेला तो धडा पुढे चेष्टेचा विषय झाला. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली, तेव्हा तो धडा बरोबर होता हे दिसलं. उजेड आणि धक्का यांत दोन मिनिटांहून जास्त अंतर होतं. तेवढ्या वेळात लोक खिडक्यांशी जमले आणि सुमारे १,५०० जण जखमी झाले, त्यातले बहुतेक काचांनी. एका शिक्षिकेने आपल्या ४४ मुलांना बाकांखाली बसवलं होतं. त्या मुलांना काच लागली नाही.

तेव्हा घरात असाल तर काचेपासून दूर, मजबूत टेबलाखाली किंवा आतल्या भिंतीलगत पालथे पडा. रस्त्यावर असाल तर गटाराच्या कडेला, कट्ट्यामागे, जो खोलगट आडोसा मिळेल तिथे तोंड खाली आणि हात अंगाखाली घेऊन पडा. उघडी कातडी जितकी कमी तितकं भाजणं कमी. लाट गेल्यावर लगेच उठू नका, कारण उलट दिशेनेही झोत येतो. झगमगाट डोळ्यांत गेला असेल तर काही वेळ दिसणार नाही. गाडी चालवत असाल तर ती हळू करून थांबवा.

धूळ पडायच्या आतली दहा-पंधरा मिनिटं

जमिनीलगत फुटलेला बॉम्ब माती, सिमेंट वर ओढतो. ते वितळून किरणोत्सारी होतं आणि वाळूसारखं, राखेसारखं खाली पडतं. हिरोशिमाचा स्फोट सुमारे ६०० मीटर उंचीवर झाला, म्हणून तिथे काळा पाऊस पडला तरी अशी धूळ कमी पडली. १ मार्च १९५४ च्या, पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटावरच्या १५ मेगाटनांच्या (१५ हजार किलोटनांच्या) चाचणीने उलटं चित्र दाखवलं. दीडशे किलोमीटरहून दूर असलेल्या राँगेलाप बेटावर पांढरी राख पडली आणि मुलं तिच्यात खेळली. हा वायू नव्हे, धूळ आहे, एवढं लक्षात राहिलं की पुढचं बरंचसं आपोआप सुचतं.

स्फोटापासून काही किलोमीटरवर ती पडू लागायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. ही मिनिटं योग्य इमारत गाठण्यासाठी आहेत, पळून जाण्यासाठी नाहीत. गाडीच्या पातळ पत्र्याने जवळपास काहीच अडत नाही आणि वाहतूक कोंडीत अडकलात तर उघड्यावर बसल्यासारखंच आहे. मूल शाळेत असेल तर आणायला जाऊ नका. फार कठीण वाटेल, पण शाळेची काँक्रीटची इमारत तुमच्या दुचाकीपेक्षा कितीतरी सुरक्षित असते.

किरणं अडवतं ते वजन. धुळीतून निघणारी भेदक गॅमा किरणं निम्मी व्हायला काँक्रीट सुमारे ६ सेंटीमीटर लागतं, दाबलेली माती ९ आणि पाणी १८. आपल्याकडचा नेहमीचा स्लॅब १२ सेंटीमीटरच्या आसपास असतो, म्हणजे एका स्लॅबमागे छतावरच्या धुळीची किरणं पाव उरतात. तीन स्लॅबखाली ती चौसष्टावा भाग होतात.

म्हणून उंच इमारतीत मधले मजले सर्वांत चांगले: गच्चीवरची धूळही लांब, अंगणातली धूळही लांब. दहा मजल्यांच्या इमारतीत चौथा ते सहावा मजला, लिफ्ट किंवा जिन्याजवळचा बिनखिडक्यांचा बोळ. चार मजली सोसायटीत पहिला-दुसरा मजला. शेजारच्या बैठ्या इमारतीची गच्ची तुमच्या खिडकीच्या पातळीला येत असेल तर ती बाजू टाळा; त्या गच्चीवरची धूळ थेट तुमच्यासमोर असते. तळघर उत्तमच, पण पावसाळ्यात वीज गेल्यावर पाणी उपसणारा पंप बंद पडतो, हे मुंबई-पुण्याच्या तळघर-पार्किंगबद्दल ध्यानात ठेवा. स्टिल्ट पार्किंग नको, बाजू उघड्या असतात. भुयारी मेट्रो जवळ असेल तर सोन्याहून पिवळं. पुण्याचं सिव्हिल कोर्ट स्थानक तीस मीटरांहून खोल आहे.

कौलारू घर, पत्र्याची खोली, लाकडी माळ्याची चाळ यांत किरणं जेमतेम निम्मी-तिसरा हिस्सा होतात. जुन्या वाड्याच्या दगडी भिंती फसव्या असतात. भिंत जाड असते, पण वरचं छप्पर हलकं. पाच मिनिटांवर पक्की इमारत असेल तर धूळ पडायच्या आत तिथे धावा. उशीर झाला असेल तर आहात तिथेच मध्यभागी बसा, निदान पहिला तास काढा आणि मग हला.

सात-दहाचा हिशेब

वेळ सातपट झाली की किरणांचा जोर दहापट कमी होतो. सीव्हर्ट हे अंगाला बसणाऱ्या किरणांच्या मात्रेचं माप. स्फोटानंतर एका तासाने बाहेर ताशी १० सीव्हर्ट असेल तर सात तासांनी १, दोन दिवसांनी ०.१ आणि दोन आठवड्यांनी ०.०१ होतो. उपचार न मिळाल्यास साधारण ४ सीव्हर्टला निम्मी माणसं दगावतात.

याच उदाहरणात पहिल्या तासानंतर २४ व्या तासापर्यंत उघड्यावर राहिलेल्याला एकूण २३ सीव्हर्टच्या वर मात्रा बसते. वाचण्याचा प्रश्नच नाही. किरणं शंभरावा भाग करणाऱ्या जागेत बसलेल्याला ०.२४ सीव्हर्टच्या आत, ज्याने सहसा आजारपणही जाणवत नाही. फक्त हा हिशेब धूळ पडून संपल्यानंतरचा आहे, दुसरा स्फोट झाला तर घड्याळ नव्याने सुरू होतं.

ब्रिटिश सरकारने अणुहल्ल्याच्या तयारीसाठी काढलेल्या १९८० च्या पत्रकात दोन आठवड्यांचा मुक्काम सांगितला होता, कारण तेव्हा डोक्यात शेकडो मेगाटनांचं युद्ध होतं. एका शहरावरच्या एका स्फोटासाठी पहिले १२ ते २४ तास निर्णायक असतात. त्या पत्रकातला दुसरा सल्ला होता भिंतीला दारं टेकवून त्यांवर मातीच्या पिशव्या रचण्याचा. भौतिकशास्त्र बरोबर, पण करताना चूक होते ती वजनात. ९ सेंटीमीटर मातीचा थर चौरस मीटरला दीडशे किलोंच्या आसपास भरतो. जेवणाच्या टेबलावर तो चढवून खाली लेकरं बसवू नका.

त्यापेक्षा पाण्याची पिंपं भिंतीलगत ओळीने लावा. २०० लिटरचं पिंप अर्ध्या मीटरहून रुंद असतं, म्हणजे त्याच्या आड किरणं आठवा हिस्सा उरतात. किरणं आरपार गेल्याने पाणी किरणोत्सारी होत नाही, ते खुशाल प्या. धान्याच्या गोण्या, पुस्तकांचं कपाटही चालेल.

खिडक्या लावा, एसी आणि एक्झॉस्ट पंखा बंद करा. मात्र खोली टेप लावून हवाबंद करू नका. दहा माणसं कोंडून बसली की हवा कुबट होते, आणि मे महिन्यात तर उकाड्यानेच लोक बाहेर पडतात. सर्वांत मोठी चूक ती. बाहेर धूळ उडत नसेल तेव्हा आतल्या बोळाकडचं दार किलकिलं ठेवा. कोळशाची शेगडी आणि जनरेटर आत अजिबात नको; कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच माणूस जातो.

बाहेरून आलेला माणूस

चपला दाराबाहेर. वरचे कपडे दारातच, न झटकता उतरवा. एवढ्यानेच अंगावरची बहुतेक धूळ जाते. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माणसांपासून दूर कोपऱ्यात ठेवा. कोमट पाणी आणि साबणाने आंघोळ, पण वज्री किंवा घासणीने खरवडायचं नाही, कातडी सोलली तर धूळ आत जाते. केसांना शांपू चालतो. कंडिशनर नको, तो धूळ केसाला धरून ठेवतो, तेलाचंही तेच. नाक शिंकरा, कान-पापण्या ओल्या फडक्याने पुसा. पाणी कमी असेल तर फक्त तोंड, मान, हात. हे सगळं दहा मिनिटांत उरकतं. त्याच्यापायी कुणाला आत घ्यायला उशीर करू नका.

पाणी, खाणं, आयोडीन

माणशी दिवसाला ४ लिटर पाणी. चौघांना तीन दिवस म्हणजे ४८ लिटर: २० लिटरचे दोन जार आणि एक कळशी. नळाच्या पाइपातलं आणि गीझरमधलं पाणी वापरता येतं, झाकण बंद असलेल्या टाकीतलंही. पण टाकी बघायला गच्चीवर जाऊ नका. उकळून किरणोत्सार जात नाही, क्लोरीननेही नाही. चूल न पेटवता खाता येईल असं ठेवा: चिवडा, डाळं, शेंगदाणे, गूळ, खाखरे, दूध पावडर. डबा उघडण्याआधी बाहेरून पुसा. धूळ पडलेल्या भागातल्या गाई-म्हशींचं ताजं दूध काही आठवडे नको. झाकणाची बादली आणि पिशव्या शौचासाठी ठेवा. हे कुणी आधी ठेवत नाही.

पोटॅशियम आयोडाइडच्या गोळीचा बोलबाला फार आहे. ती फक्त थायरॉइडला वाचवते; बॉम्बच्या धुळीतून अंगावर पडणाऱ्या गॅमा किरणांवर तिचा काहीच उपयोग नाही. मोठ्यांना १३० मिलिग्रॅम, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना ६५, त्याहून लहानांना ३२ आणि एक महिन्याच्या आतल्या बाळाला १६, तेही प्रशासनाने सांगितल्यावरच. चाळिशीपुढे सहसा देत नाहीत. २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमा अणुकेंद्राच्या अपघातानंतर चीनमध्ये लोकांनी मिठासाठी रांगा लावल्या होत्या. ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असलेल्या मिठातून एका गोळीइतकं आयोडीन मिळवायला साडेसहा किलो मीठ खावं लागेल. टिंक्चर आयोडीन तर विषारी, पिऊ नका.

भोंगा, बातमी आणि बाहेर पडणं

७ मे २०२५ च्या नागरी संरक्षणाच्या देशव्यापी सरावात ऐकवला तो भोंगा: चढउतार करणारा आवाज म्हणजे धोका, सलग एकसुरी आवाज म्हणजे धोका टळला. काचांना काळे कागद लावायचा १९७१ चा ब्लॅकआउट वैमानिकांना चकवण्यासाठी होता, क्षेपणास्त्राला त्याने फरक पडत नाही. इशारा खोटाही असू शकतो. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या हवाई राज्यात क्षेपणास्त्र येत असल्याचा चुकीचा संदेश दुरुस्त व्हायला ३८ मिनिटं लागली. तरी आत जाऊन बसायचं. ३८ मिनिटं फुकट गेली तर गेली.

मोबाइल नेटवर्कवर भिस्त नको. सेलवर चालणारा रेडिओ, सुटे सेल आणि टॉर्च एका डब्यात ठेवा आणि आकाशवाणी लावा.

पक्क्या इमारतीत असाल तर आग, वायुगळती किंवा इमारत खचणं, एवढ्याच कारणांनी २४ तासांच्या आत बाहेर पडा. नंतरही सूचना मिळाल्यावरच. सूचना मिळालीच नाही तर वाऱ्याला आडवं चाला, धुळीच्या पट्ट्याची लांबी धरून नव्हे. दिशा झाडाच्या पानांवरून ठरवू नका: पावसाळ्यात मुंबईत खाली नैऋत्येचा वारा असतो आणि उंचावर पूर्वेकडचा. धूळ प्रत्यक्ष कुठे पडली ते छज्जे आणि गाड्यांच्या टपांवरून दिसतं. निघताना नाकातोंडावर ओलं फडकं, पूर्ण बाह्यांचा सदरा, पायांत बूट. आणि पोचल्यावर पुन्हा तेच, बूट दाराबाहेर, कपडे पिशवीत.