व्हॉल्यूम अर्ध्यापुढे नेला की गाडीच्या स्पीकरचा आवाज फाटतो: माझा अनुभव

नाशिकहून कसारा घाटाकडे जाताना खिडक्या उघड्या असल्या आणि स्टिरिओचा आवाज ४० पैकी २४ च्या पुढे नेला, की तबल्याची थाप पत्र्यावर काठी आपटल्यासारखी ऐकू येई. तारा बदलल्या, अर्थिंगचा स्क्रू घासून आवळला, शेवटी ८० वॉट आरएमएसचे (म्हणजे सतत पेलता येणाऱ्या ताकदीचे) महागडे स्पीकर बसवले, तर आवाज उलट दबला. दोन महिने नुसता वैताग झाला.

चूक आकडा वाचण्यात होती. स्टिरिओवर ठळक छापलेले ‘५० वॉट, ४ चॅनेल’ हे क्षणिक कमाल असते. वेगळा ॲम्प्लिफायर नसेल, तर गाडीच्या १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या (ओहम म्हणजे विद्युत रोधाचे माप) स्पीकरला आवाज न फाटता गणितानेच सुमारे २६ वॉटपेक्षा जास्त मिळत नाही आणि माझ्या माहितीपुस्तिकेत, अगदी बारीक अक्षरांत, १८ वॉट आरएमएस लिहिले होते.

म्हणून आधी पुस्तिकेतून आरएमएस आणि किमान ओहम टिपून घेतले. मग ८७ ऐवजी ९२ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये जास्त मोठा आवाज देणारे), ४ ओहमचे, ४५ वॉट आरएमएसचे स्पीकर निवडले, कारण ५ डेसिबलचा फरक म्हणजे तिप्पट वॉट दिल्यासारखेच. बॅटरीची ऋण तार सोडवून स्पीकर बसवले, प्रत्येकाचे धन-ऋण टोक तपासले. त्यानंतर लाउडनेस (बास वाढवणारी सोय) बंद करून हाय-पास फिल्टर, म्हणजे खोल सूर अडवणारी चाळणी, ८० हर्ट्झवर ठेवला. छोट्या स्पीकरकडून खोल बासची अपेक्षा करणे व्यर्थच. शेवटी आवाज फाटेपर्यंत वाढवून दोन अंक मागे आणला. ती मर्यादा आता ३४ आहे.