पराभूत हंगामाचा हिशेब कसा मांडावा

मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धेत एक संघ मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत १६२ सामने खेळतो. एवढा पसारा नुसत्या आठवणीच्या भरवशावर आवरता येत नाही, कारण हंगाम संपल्यावर मनात राहतात ते बहुधा शेवटचे दोन-तीन आठवडे. शिकागो व्हाइट सॉक्स या माझ्या संघाने २०२४ मध्ये ४१ सामने जिंकले, १२१ गमावले आणि १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा आधुनिक, म्हणजे १९०० नंतरचा, विक्रम मागे टाकला. तो हंगाम मी पुण्यात बसून पाहिला आणि नंतर त्याचा आढावा लिहिला. आपल्या संघाचा आढावा लिहू इच्छिणाऱ्यांना त्या कामातल्या काही गोष्टी उपयोगी पडाव्यात.

सामन्यागणिक नोंद ठेवावी. अप्पा बळवंत चौकातून आणलेली दोनशेपानी वही त्यासाठी पुरेशी आहे. माझी पहिली नोंद अशी आहे : ‘२८ मार्च. डेट्रॉइट १, आपण ०. क्रोशे ६ डाव, ८ स्ट्राइकआउट. बॅटिंग कुठे आहे?’ (क्रोशे हा आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू; सामना नऊ डावांचा असतो आणि तीन स्ट्राइक देऊन फलंदाजाला बाद करणे म्हणजे स्ट्राइकआउट.) एवढ्या चार तुकड्यांवरून तो सामना आजही डोळ्यांपुढे उभा राहतो. तारखांची मात्र काळजी घ्यावी. हंगामात शिकागोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, त्यामुळे तिथे संध्याकाळी ७.१० ला सुरू होणारा सामना आपण दुसऱ्या दिवशी पहाटे ५.४० ला, पहिल्या चहाबरोबर पाहतो. वहीत दोन्ही तारखा लिहाव्यात, आढाव्यात अमेरिकेतली तारीख वापरावी. जे सामने पाहता आले नाहीत त्यांच्यापुढे तसे स्पष्ट लिहावे. गणपतीच्या दिवसांतली माझी बरीच पाने कोरी आहेत आणि ती मी नंतर बातम्या वाचून भरली नाहीत.

आढावा लिहायला बसल्यावर हंगामाचे महिन्यांप्रमाणे तुकडे पाडू नयेत, कारण संघाचे दिवस कॅलेंडर बघून फिरत नाहीत. वही सलग वाचत जावे आणि जिथे आपल्याच नोंदींचा सूर बदललेला दिसेल तिथे खूण करावी. व्हाइट सॉक्सच्या बाबतीत पहिल्या २५ सामन्यांत ३ विजय आणि २२ पराभव झाले, लगेच टँपा बेविरुद्ध सलग तीन विजय मिळाले आणि तिथे माझ्या नोंदी एकदम लांबलचक झाल्या. पुढे १० जुलै ते ५ ऑगस्ट या काळात सलग २१ पराभव झाले. ती मालिका ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये ५-१ अशा विजयाने तुटली आणि त्यानंतर दोनच दिवसांनी मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, पेद्रो ग्रिफोल यांना पदावरून दूर करण्यात आले.

माझ्या मते सर्वांत जास्त जागा शेवटच्या आठवड्याला द्यायला हवी होती. २२ सप्टेंबरला सॅन डिएगोमध्ये १२० वा पराभव झाल्यावर संघ घरी परतला आणि विक्रमाची नामुष्की एका पराभवावर आलेली असताना त्याने एंजल्स संघाविरुद्धचे तिन्ही सामने जिंकले. त्या तीन सकाळी मला जितका आनंद झाला तितका त्या वर्षात क्वचितच झाला होता. २७ तारखेला डेट्रॉइटमध्ये १२१ वा पराभव झालाच. पण त्याच विजयाने डेट्रॉइट २०१४ नंतर प्रथमच प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत, पोहोचले. अशा सामन्याविषयी लिहिताना प्रतिस्पर्ध्याच्या बाजूचीही दोन वाक्ये अवश्य लिहावीत, म्हणजे आपल्या दुःखाचे माप बरोबर राहते.

यानंतर नशिबाचा वाटा वेगळा काढावा. त्यासाठी बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांची साधी रीत आहे : केलेल्या धावांचा वर्ग घ्यावा, त्याला केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागावे आणि उत्तराला १६२ ने गुणावे. व्हाइट सॉक्सने ५०७ धावा केल्या आणि ८१३ दिल्या, त्यावरून सुमारे ४५ विजय अपेक्षित होते. प्रत्यक्षात ४१ झाले. म्हणजे ‘नशीबच फुटके’ हे माझ्या वहीत वारंवार आलेले वाक्य फार तर चार सामन्यांपुरते खरे होते. बाकी संघ खरोखरच कमकुवत होता. हे आकडे हाती येताच मी आढाव्याची दोन पाने फाडून पुन्हा लिहिली.

एका खेळाडूकडे मात्र आकड्यांच्या पलीकडे जाऊन जवळून पाहावे. मी गॅरेट क्रोशे याला निवडले, कारण अशा संघातून खेळताना त्याने १४६ डावांत २०९ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. डिसेंबरमध्ये तो बोस्टनच्या संघात गेला, पण ते ठाऊक झाल्यामुळे एप्रिलच्या पानांवर निरोपाचा सूर चढवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. नंतर कळलेल्या गोष्टींसाठी शेवटी वेगळे पान ठेवावे आणि त्याच्या मागच्या बाजूला, पुढच्या हंगामाचा पहिला चेंडू पडण्याआधी, संघ किती सामने जिंकेल याचा आपला अंदाज तारखेसह लिहून ठेवावा.