सुडोवूडो पकडायचा कसा आणि पुढे खेळवायचा कसा

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: पोकेमॉन या व्हिडिओ गेममधला सुडोवूडो हा पोकेमॉन (पकडून लढवायचा प्राणी) दिसायला झाड असला तरी तो रॉक (दगड) टाइपचा, म्हणजे जातीचा, आहे. निव्वळ रॉक, ग्रासचा त्यात लवलेशही नाही. झाड दिसलं म्हणून क्विलावा या आगीच्या पोकेमॉनला पुढे करून एम्बर हा आगीचा हल्ला मारला, तर नुकसान निम्मंच होतं. फ्लाइंग टाइपच्या पिजिओटोचंही तेच. पाणी, ग्रास, फायटिंग, ग्राउंड आणि स्टील या पाचांपुढे तो खचतो. पावसाची चाहूल लागली की हा लपून बसतो आणि थंडीतही याचे हात हिरवेच राहतात म्हणून त्याचं सोंग उघडं पडतं, असं पोकेडेक्समध्ये (गेममधल्या पोकेमॉनच्या माहितीकोशात) लिहिलंय. मला हा पोकेमॉन अतिशय आवडतो, आणि लोक त्याला फक्त रस्त्यातला अडथळा समजून हरवतात आणि पुढे निघून जातात याचं वाईट वाटतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. मी खेळतो ते हार्टगोल्ड, म्हणजे गोल्डची नवी आवृत्ती, पण 1999 च्या मूळ गोल्ड आणि सिल्व्हरमध्येही बहुतेक गोष्टी अशाच आहेत. फरक आहे तिथे तसं सांगतो.

सुडोवूडो उभा असतो रूट 36 वर, व्हायोलेट सिटी, गोल्डनरॉड आणि एक्रुटीक या तिन्ही शहरांकडे जाणाऱ्या वाटा जिथे मिळतात तिथे. सुरुवातीला तो हलत नाही आणि झाडं तोडणाऱ्या कट या मूव्हनेही (चालीनेही) तुटत नाही. त्यामुळे व्हायोलेटहून दक्षिणेला उतरून, युनियन केव्ह, अझेलिया आणि इलेक्स फॉरेस्ट असा सगळा वळसा घालून गोल्डनरॉडला यावं लागतं. तिथल्या जिमची (लढतींच्या आखाड्याची) प्रमुख व्हिटनी हिला हरवा. हरल्यावर ती रडायला लागते आणि बॅज देत नाही. जरा बाजूला जाऊन परत तिच्याशी बोललात की प्लेन बॅज मिळतो. मग त्याच शहरातल्या फुलांच्या दुकानात जा, तिथे स्क्वर्टबॉटल, म्हणजे झाडावर पाणी मारायची बाटली, मिळते. मिळाली नाही तर आधी त्या झाडाजवळ उभ्या असलेल्या मुलीशी बोला आणि मग दुकानात परत या. पुढे रूट 35 आणि नॅशनल पार्कमधून रूट 36 गाठायचा.

झाडासमोर उभं राहिलात की पाणी मारण्याआधी गेम सेव्ह करा. हा एकच सुडोवूडो समोर येतो. त्याला बेशुद्ध पाडलंत तर रस्ता मोकळा होईल, पण पोकेमॉन हातचा जाईल.

आता बॅटल. समोर येणारा सुडोवूडो लेव्हल 20 चा असतो आणि त्याच्याकडे चार मूव्ह असतात: रॉक थ्रो, मिमिक, फ्लेल आणि लो किक. यातला फ्लेल नीट समजून घ्या, कारण घात तोच करतो. स्वतःचा एचपी (शिल्लक ताकद) जितका कमी, तितका फ्लेलचा मार जास्त, अगदी 200 पॉवरपर्यंत. म्हणजे पकडायचं म्हणून तुम्ही त्याला लाल पट्टीपर्यंत आणता, तेव्हाच तो सगळ्यात धोकादायक होतो.

यावर माझा ठरलेला उपाय म्हणजे गॅस्टली. व्हायोलेट सिटीतल्या स्प्राउट टॉवरमध्ये रात्री गेलात की गॅस्टली भेटतो. तो घोस्ट टाइप असल्यामुळे फ्लेल (नॉर्मल) आणि लो किक (फायटिंग) हे दोन्ही त्याला लागतच नाहीत. उरतो फक्त रॉक थ्रो. तो मात्र जोरात लागतो, कारण सुडोवूडोचा अटॅक 100 आहे आणि गॅस्टलीचा डिफेन्स जेमतेम 30. म्हणून पहिली मूव्ह हिप्नोसिस, समोरच्याला झोपवणारी. ती दहातून सहाच वेळा लागते, तेव्हा चुकली तर घाबरू नका, पुन्हा मारा. पोशन जवळ ठेवा. झोपवायला उशीर झाला तर मिमिकने तो तुमचं हिप्नोसिसच उचलून तुमच्यावर मारू शकतो, हे लक्षात असू द्या. जाग आणणारं अवेकनिंग बॅगेत असलेलं बरं.

एकदा झोपला की नाइट शेड. हिचं नुकसान ठरलेलं असतं: गॅस्टलीची जितकी लेव्हल, तितका एचपी जातो. लेव्हल 20 च्या सुडोवूडोचा एचपी 58 ते 64 च्या मध्ये असतो. गॅस्टली लेव्हल 21 चा असेल तर दोन नाइट शेडमध्ये 42 गेले, उरले वीसच्या आसपास. तिथेच थांबा. तिसरी मारलीत तर तो बहुतेक वेळा बेशुद्धच पडेल. (हार्टगोल्डमध्ये गॅस्टली नाइट शेड आधीच शिकतो, मूळ गोल्डमध्ये 21 व्या लेव्हलला.) आता ग्रेट बॉल (पोकेमॉन पकडायचा चेंडू) टाका. ते गोल्डनरॉडच्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये मिळतात. याचा कॅच रेट (जितका जास्त, तितकं पकडणं सोपं) 65 आहे, केटरपी या पोकेमॉनचा असतो 255. तेव्हा एक-दोन बॉल फुकट गेले तरी धीर सोडू नका. आणि दगड आहे म्हणून जड पोकेमॉनसाठीचा हेवी बॉल मारू नका. याचं वजन फक्त 38 किलो, हेवी बॉलने उलट पकडण्याची शक्यता कमीच होते.

हार्टगोल्ड-सोलसिल्व्हर खेळणाऱ्यांनी पकडल्यावर लगेच त्याची अ‍ॅबिलिटी बघा. स्टर्डी किंवा रॉक हेड, दोनांपैकी एक अंगभूत गुण असतो. मी रॉक हेड मिळेपर्यंत सेव्हवरून परत परत सुरू करतो आणि तुम्हीही करा असं आग्रहाने सांगेन. या गेममधली स्टर्डी फक्त एका झटक्यात ठार करणाऱ्या फिशरसारख्या मूव्ह अडवते, एरवी तिचा उपयोग नाही. रॉक हेड मात्र पुढे सोन्यासारखी आहे. जमलं तर नेचर (स्वभाव) अटॅक वाढवणारा अ‍ॅडमंट बघा. स्पेशल अटॅक वाढवणारा मॉडेस्ट आला तर मी ठेवत नाही, कारण याचा स्पेशल अटॅक मुळातच 30 आहे.

पकडून झाल्यावर बरेच जण विचारतात की याला वापरायचा कुठे. खरं सांगायचं तर हा थोडा उशिरा हाती लागतो. फॉकनरचे पक्षी आणि बग्सीचा सायथर यांना याने सहज लोळवलं असतं, पण ते जिम आधीच झालेले असतात. चकच्या फायटिंग जिममध्ये आणि प्राइसच्या जिममधल्या सील, ड्यूगाँग या पाण्याच्या पोकेमॉनपुढे नेऊ नका. जॅस्मिनच्या जिममध्ये गंमत आहे: नव्या गेममध्ये लो किकचा मार समोरच्याच्या वजनावर ठरतो आणि तिचा स्टीलिक्स 400 किलोचा, म्हणजे पूर्ण 120 पॉवर. फक्त त्याच्याकडे आयर्न टेल ही स्टीलची मूव्ह आहे, तेव्हा सुडोवूडोचा एचपी भरलेला असेल तरच पुढे करा.

याचा खरा दिवस चॅम्पियन लान्ससमोर उगवतो. रॉक स्लाइड ही रॉकची मूव्ह त्याच्या तीन ड्रॅगोनाइटांना दुप्पट लागते, एरोडॅक्टिललाही दुप्पट, आणि चारिझार्डला चौपट. माझ्या सुडोवूडोचं नाव बुंधा. चारिझार्ड आला की मी डोळे झाकून बुंधाला पुढे करतो, कारण चारिझार्डची आग आणि फ्लाइंग हल्ले दोन्ही याच्यावर निम्मेच लागतात. मात्र स्पीड 30 आहे. जवळजवळ प्रत्येक वेळी समोरचा आधी मारणार हे गृहीत धरा. डिफेन्स 115 असल्यामुळे अंगावर आलेला फिजिकल मार तो झेलतो, पण स्पेशल डिफेन्स 65 च असल्यामुळे एक सर्फ (पाण्याची मूव्ह) बसला की खेळ खलास. आणि हार्टगोल्डमध्ये हो-ओह या दुर्मिळ पोकेमॉनला पकडायचा असेल तेव्हा याला बाहेर काढू नका, तिथेही रॉक स्लाइड चौपट लागते.

आता रॉक हेडचा हिशेब. ब्लॅकथॉर्नमध्ये हार्ट स्केल घेऊन जुन्या मूव्ह आठवून देणारा एकजण आहे. त्याच्याकडून सुडोवूडोला वुड हॅमर शिकवा. ग्रास टाइपची, 120 पॉवरची मूव्ह. एरवी ती मारणाऱ्याला दिलेल्या नुकसानाचा तिसरा हिस्सा स्वतःला भोगावा लागतो, पण रॉक हेड असल्यावर काहीच लागत नाही. पाणी आणि ग्राउंड हे याचे दोन मोठे वैरी, आणि दोघांनाही ग्रास दुप्पट लागतो. रेड या प्रतिस्पर्ध्याच्या ब्लास्टॉइजला, म्हणजे पाण्याच्या पोकेमॉनला, वुड हॅमर बसला की तो कसा हादरतो ते स्वतः बघाच.

ज्यांना दुसरा हवा असेल त्यांनी रूट 34 च्या डे केअरमध्ये (पोकेमॉन सांभाळायला ठेवायच्या जागी) अंडं मिळवावं. सुडोवूडोच्या हातात रॉक इन्सेन्स ही वस्तू दिलीत तर अंड्यातून 15 किलोचा बॉन्सली निघतो, नाही दिलात तर थेट सुडोवूडो. बॉन्सली मिमिक शिकला की त्यानंतर लेव्हल वाढताना सुडोवूडो होतो. मिमिक पुसून दुसरं काही शिकवलंत तर तो तसाच छोटा राहील. अंडं मिळाल्यावर रॉक इन्सेन्स पेटीत टाकून ठेवू नका, लढणाऱ्या सुडोवूडोच्या हातात द्या. रॉक मूव्हचा मार वीस टक्क्यांनी वाढतो.