विन हील करत नव्हती, त्यावर उपाय

राजारामपुरीतला माझा चुलतभाऊ २००९ चा 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' हा व्हिडिओ गेम खेळताना पार वैतागलेला. आपल्या टोळीतला लढवय्या अलिस्टर आडवा झाला तरी विन, म्हणजे जखमा भरणारी (हील करणारी) जादूगारीण, मागं उभी राहून हल्लेच करत बसायची. मी टॅक्टिक्सचा तक्ता उघडला; साथीदारानं कधी काय करायचं, ते त्यात ठरवून ठेवता येतं. त्यातल्या ओळी वरून खाली तपासल्या जातात. जी अट आधी जुळेल, तीच कृती होते. 'जवळच्या शत्रूवर हल्ला' सगळ्यात वर होतं. लढाईत शत्रू असतोच की, मग खालच्या ओळीची पाळी येणार कधी? 'साथीदाराची हेल्थ ५० टक्क्यांखाली: हील' ही ओळ वर घेतली, हल्ला तळाला. झालं, विन कामाला लागली. भावा, नाद खुळा!

दुसरी जादूगारीण मॉरिगन, तिचा फायरबॉल (आगीचा गोळा) मात्र तक्त्यात ठेवूच नका. पीसीवर 'नॉर्मल' अवघडपणाला तो आपल्याच पोरांना भाजतो; खेळ पॉज करून स्वतः नेम धरा. धनुर्धारी पुढं धावत सुटला, तर 'होल्ड', म्हणजे जागीच थांबायचा हुकूम द्या.