फौजीच्या मुलांची कॉलेज फी : कागद बारावीआधीच जुळवा

आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले. आता ऐरोलीत राहतो, मुलगी इंजिनिअरिंगला आहे. ओळखीतल्या फौजी घरांतून दर सप्टेंबरात एकच विचारणा होते, "वहिनी, ॲडमिशन झालं, फौजेकडून काय मिळतं का?" मिळतं. पण तयारी दहावीच्या निकालापासून करायची असते.

आधी डिस्चार्ज बुक, म्हणजे रिटायर होताना फौजेने दिलेलं सेवेचं पुस्तक, काढा. त्यात मुलांची नावं युनिटच्या क्लार्कने ऐकू आली तशी लिहिलेली असतात. आमच्या मुलीचं, दीक्षाचं, स्पेलिंग तिथे डबल 'ई'चं, दहावीच्या मार्कशीटवर 'आय'चं. जन्मतारखेतही एखादा आकडा इकडचा तिकडे. एवढ्यावर अर्ज परत येतो. दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसातून होते, मराठावाल्यांचं बेळगावला. जन्मदाखला, मार्कशीट, ॲफिडेव्हिट जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. याला वेळ लागतो, म्हणून आत्ताच सांगतेय.

कार्यालय कुठलं, हेही बघा. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेलला नवी मुंबई म्हणत असलो तरी जिल्हा रायगड, म्हणजे कार्यालय अलिबागचं. नाव अजून साताऱ्यातच नोंदलेलं असेल, तर नोंदणी इकडे बदलून घ्या.

सीईटीनंतर कॅप राउंडचा, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाचा, फॉर्म भरताना डिफेन्स कोट्यावर टिक करायला विसरू नका. महाराष्ट्राचे रहिवासी असलेल्या माजी सैनिकांच्या मुलांसाठी त्यातला 'डेफ-वन' हा गट. दाखला सैनिक कार्यालय देतं.

मोठी रक्कम पंतप्रधान शिष्यवृत्तीची : मुलींना महिना 3,000, मुलांना 2,500, वर्षाचे एकदम खात्यात. इंजिनिअरिंग, मेडिकल, बीएड, बीबीए असे व्यावसायिक कोर्स चालतात. साधं बीए-बीकॉम नाही. बारावीला किमान 60 टक्के हवेत. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. देशभरात वर्षाला 5,500 जागा, निम्म्या मुलींच्या. शहीद आणि अपंगत्व आलेल्या जवानांच्या मुलांना आधी प्राधान्य, आणि तसंच असायला हवं. आपल्यासारख्यांचा नंबर त्यानंतर, मार्कांवर. अर्ज पहिल्याच वर्षी करायचा. "पुढच्या वर्षी बघू" म्हणणाऱ्यांचं पुढचं वर्ष येत नाही. डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांना तेवढी सूट आहे.

फॉर्म केंद्रीय सैनिक बोर्डाच्या वेबसाइटवर. माजी सैनिक असल्याचा दाखला, कॉलेजचं बोनाफाईड आणि बँकेचं प्रमाणपत्र बोर्डाच्याच नमुन्यात लागतं. कॉलेजच्या छापील बोनाफाईडवर भागवू नका. खातं मुलीच्या नावाचं, आधार जोडलेलं. स्कॅन मूळ कागदाचा करा, झेरॉक्सचा नको. आणि सायबर कॅफेवाला "सेटिंग करून देतो" म्हणाला तर उठून या.

ज्यांच्या मुलांचा कोर्स यात बसत नाही, त्यातले हवालदार किंवा खालच्या रँकचे असतील त्यांनी रक्षा मंत्री निधीचं शिक्षण अनुदान बघावं. पहिलीपासून पदवीपर्यंत, दोन मुलांपर्यंत. नोव्हेंबर 2025 पासून ते महिना 1,000 वरून 2,000 झालंय. बाहेरगावी ॲडमिशन मिळालं तर तिथल्या सैनिकी वसतिगृहात चौकशी करा.

पंतप्रधान शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवायला दर वर्षी 50 टक्के लागतात आणि रिन्यूअलचा फॉर्म आपणच भरायचा असतो. निकाल हातात पडला की त्याच आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसात नवं बोनाफाईड मागा.