जंगलात हॅमॉक: कुठला घ्यायचा, कसा बांधायचा

सह्याद्रीत टेंटसाठी सपाट जागा शोधण्यातच संध्याकाळ जाते, म्हणून मला हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधून झोपायचा कापडी झुला, आवडतो, पण बरेच जण तो ताणून बांधतात आणि सकाळी कंबर धरली की म्हणतात यात झोपच लागत नाही.

आधी खरेदी. जाळीचा झुला नको, दोन्ही टोकांना लाकडी दांडी असलेला तर मुळीच नको, कुशीवर वळलं की उलटतो. साधा नायलॉनचा घ्या, कमीत कमी 10 फूट लांब, उंच माणसाला 11. आठ-नऊ फुटी स्वस्त मिळतात, ते दुपारी पडायला ठीक. डबल म्हणजे फक्त कापड जास्त रुंद, दोघांनी झोपायचं असं नाही. मच्छरदाणी शिवलेली असेल तर उत्तमच.

झाडं 12 ते 15 फूट अंतरावरची, जिवंत, मांडीएवढ्या जाड खोडाची बघा. आंबा, जांभूळ, ऐन, हिरडा चालतात. काटेसावर, पांगारा काट्यांमुळे नको, शेवगा पटकन मोडतो, आणि बिब्बा ओळखता यायलाच हवा कारण त्याचा चीक लागला तर अंगावर फोड येतात. मग मान वर करून नीट बघा, वाळकी फांदी, आग्या मोहोळ किंवा पानं जोडून केलेली लाल मुंग्यांची घरटी दिसली तर सरळ दुसरं झाड. बारीक दोरी सालीत रुतते, झाडाचे हाल होतात, म्हणून इंचभर रुंद पट्टेच वापरा.

आता खरी गोष्ट, कोन. पट्टा जमिनीच्या रेषेशी साधारण 30 अंशात उतरला पाहिजे, म्हणजे हॅमॉक चांगला सैल, केळ्यासारखा वाकलेला दिसतो आणि नवख्याला वाटतं हे चुकलंय, पण तेच बरोबर आहे. 30 अंशाला 80 किलोच्या माणसाचा प्रत्येक पट्ट्यावर साधारण 80 किलोच ताण येतो, तोच ताणून 15 अंश केला की दीडशेच्या वर जातो, मग पट्टा तुटू शकतो नाहीतर झाड वाकू शकतं. बसल्यावर बूड जमिनीपासून दीड फुटावर राहील इतकी उंची ठेवा, आणि झोपताना मधल्या रेषेत नाही, तिरकं झोपा, डोकं एका बाजूला पाय दुसऱ्या बाजूला, पाठ जवळपास सपाट होते.

थंडी खालून लागते, कारण स्लीपिंग बॅग अंगाखाली दबली की तिची ऊब जाते, म्हणून खाली फोमची मॅट हवीच, ती असली की डासही खालच्या कापडातून चावत नाहीत.

पावसाचा अंदाज असेल तर वर 10 बाय 10 फुटांचा टार्प, म्हणजे हलकी ताडपत्री, वेगळ्या दोरीवर. तरी पट्ट्यावरून पाणी ओघळत आत येतंच, त्यासाठी हॅमॉकच्या टोकाअलीकडे, टार्पच्या आडोशात, पट्ट्याला सुतळीचा तुकडा बांधून लोंबता सोडा, पाणी तिथूनच खाली ठिबकतं. बूट जमिनीवर ठेवू नका, लेस बांधून पट्ट्याला अडकवा आणि सकाळी तरीही झटकूनच घाला, विंचू असतात. आणि अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री थांबू नका, त्यापेक्षा गावातल्या कुणाला तरी विचारून त्यांच्या आंब्याखाली बांधा.