.४४ मॅग्नमच्या नळीत शिसं साचत होतं, ते कसं थांबवलं

अमेरिकेत .४४ मॅग्नममध्ये (रिव्हॉल्व्हरचं एक जोरदार काडतूस) ओतीव शिशाच्या गोळ्या वापरणारे पुष्कळ. पन्नासेक फैरींत नळीला राखाडी पापुद्रे धरले की दोष शिशाच्या मऊपणाला देतात. माझ्याकडे दोष मापाचा निघाला.

पापुद्रे नळीच्या सिलिंडरकडच्या (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाकडच्या) टोकाशी होते, म्हणजे गोळी बारीक आणि बाजूने गरम वायू निसटतोय. पुढच्या टोकाशी असते तर वंगण कमी पडतंय असं समजलो असतो.

रिव्हॉल्व्हर रिकामं करून सिलिंडर काढला आणि सुटी गोळी काडतुसाच्या प्रत्येक घराच्या पुढच्या तोंडातून ढकलली. ती आपोआप घरंगळली. बोटाने जरासा जोर लागला पाहिजे. नळीच्या आतल्या पिळदार खाचांमधलं माप ०.४२९ इंच, घरांची तोंडं ०.४३१, गोळी ०.४२९. तीच ०.४३१ची घेतली, कडक मेणाऐवजी मऊ वंगण लावलं, पापुद्रे थांबले. (तोंडंच नळीपेक्षा अरुंद असतील तर जाड गोळी व्यर्थ, ती तिथेच पिळून बारीक होते. मग तोंडं गनस्मिथकडून रीम करून (आतून कोरून रुंद करून) घ्यावी लागतात.)

जुनं शिसं मात्र आधी पूर्ण काढा. जुन्या ब्रशला शुद्ध तांब्याची घासणी गुंडाळून दहा-बारा फेऱ्या पुरतात. घासणीला चुंबक लावून पाहा. चिकटलं तर आत पोलाद आहे, नळी ओरखडेल. निघालेली भुकटी विषारी, हात धुवाच.